काळजातले पहारेकरी

बालमित्रांनो, आज एक कोडं घालतो. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, रंग तांबूस-तपकिरी, मुक्काम उजव्या बरगड्यांच्या आड. कवी मंडळी त्याचं नाव घेतात आणि बोलतात मात्र शेजारच्या भलत्याच अवयवाबद्दल. ओळखा पाहू!

उत्तर आहे काळीज. ‘काळीज धडधडलं’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो, पण धडधडतं ते हृदय. मटणाच्या दुकानात जाऊन ‘पाव किलो काळीज द्या’ म्हणा, दुकानदार तुम्हाला यकृतच कापून देईल. दुकानदाराचं बरोबर आहे, चूक कवींची! तर या खऱ्याखुऱ्या काळजाची, म्हणजे यकृताची, आणि त्यात दबा धरून बसलेल्या काही पहारेकऱ्यांची ही गोष्ट आहे. गोष्ट थोडी काळजीची आहे, म्हणून आई-बाबांनाही वाचायला द्या.

आपण जे काही खातो ते आतड्यात पचतं आणि तिथून रक्तात उतरतं. पण हे रक्त थेट साऱ्या शरीरात फिरायला जात नाही बरं का. ते आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात येतं. या शिरेला डॉक्टर ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा. महाड-पोलादपूरकडच्या मुलांना हे चटकन समजेल, कारण त्यांच्या उशालाच रायगड आहे. गडावर जायचं तर महादरवाजातूनच जावं लागे. तसंच इथे. भाकरी असो, आंबा असो, नाही तर रस्त्यावरचा वडापाव, सगळ्यांची वर्दी आधी या दरवाजावर. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं आणि त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश याच वाटेनं येतं.

आता दरवाजा म्हटला की पहारा आलाच. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात, पण त्यांची जागा आतड्यात, रक्तात नाही. एखादा जिवाणू किंवा त्याच्या अंगाचा तुकडा चुकून रक्तात शिरला, तर त्याला दरवाजावरच अडवायला हवं. यकृतातल्या बारीक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून हे पहारेकरी बसलेले असतात. समोरून वाहणाऱ्या रक्तात नको ते काही दिसलं की हातपाय पसरून त्याला पकडतात आणि चक्क गिळून टाकतात! अशा गिळणाऱ्या पेशींना महाभक्षी पेशी म्हणतात. त्या शरीरात ठिकठिकाणी असतात, पण अवयवांत ठाण मांडून बसलेल्या महाभक्षींपैकी बहुतांश एकट्या यकृतात आहेत. यकृतातल्या या महाभक्षींचं नाव कुप्फर पेशी.

या नावामागे एक गंमत आहे. 1876 साली जर्मनीत कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर नावाचे शास्त्रज्ञ यकृतातल्या मज्जातंतूंचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी यकृताच्या पातळ कापांना सोन्याच्या क्षाराचा रंग दिला. मज्जातंतू राहिले बाजूला, त्यांना दिसल्या चांदणीसारख्या आकाराच्या पेशी. पुढे 1898 मध्ये त्यांनी यकृतात कण गिळणाऱ्या पेशी पाहिल्या आणि या त्याच चांदण्या, असं ठरवून टाकलं. त्याच सुमारास पोलंडमधल्या क्रॅकोव्हचे तादेउश ब्रोविच मात्र सांगत होते की या गिळणाऱ्या पेशी म्हणजे महाभक्षी आहेत. खरा उलगडा व्हायला 1971 साल उजाडलं. जपानच्या केंजिरो वाके यांनी दाखवून दिलं की कुप्फरना पहिल्यांदा दिसलेल्या चांदण्या वेगळ्या, त्या अ जीवनसत्त्व साठवतात, आणि गिळणाऱ्या पेशी वेगळ्या. पण तोवर नाव चिकटलं होतं! आजही गिळणारीलाच कुप्फर पेशी म्हणतात. चांदणी पेशीही लक्षात ठेवा, पुढे ती एका वाईट प्रसंगी भेटणार आहे.

पहारा करता करता कुप्फर पेशी आणखी एक काम उरकतात. रक्तातल्या लाल पेशींचं आयुष्य जेमतेम 120 दिवसांचं. म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी पानथरी म्हणजे प्लीहा आणि या कुप्फर पेशी मिळून गिळतात, त्यांच्यातलं लोह काढून पुन्हा वापरायला देतात आणि उरलेल्या भागाचा पिवळा रंग पित्तात जातो. कावीळ झाली की डोळे पिवळे का होतात, ते आता कळलं ना? तो हाच रंग, जायच्या वाटेनं न जाता अंगात साठलेला.

इतके गुणी पहारेकरी, मग काळजी कसली? सांगतो.

यकृत हे शरीराचं कोठारही आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते यकृताला निरोप देतं, ‘साखर आली आहे, साठवून ठेव. तू स्वतः बनवू नकोस.’ रात्री आपण झोपेत उपाशी असतो, तेव्हा इन्सुलिन कमी होतं आणि यकृत साठ्यातली साखर थोडी थोडी सोडत राहतं, म्हणून मेंदूचं चालू राहतं. यकृतातला साखरेचा साठा मात्र लहान, शंभर ग्रॅमच्या आसपास. तो भरला आणि वरून खाणं येतच राहिलं, तर यकृत जादा साखरेची चरबी करतं. थोडी चरबी बाहेर पाठवली जाते, उरलेली पेशीतच थेंबाथेंबानं साठते. यकृताच्या शंभरातल्या पाचाहून अधिक पेशींत असे थेंब दिसू लागले की डॉक्टर म्हणतात, ‘फॅटी लिव्हर’. हा शब्द आई-बाबांनी सोनोग्राफीच्या कागदावर वाचला असेल.

पूर्वी हा आजार दारू पिणाऱ्यांचा समजला जाई. मग दारूला कधी न शिवलेल्या माणसांच्या यकृतातही हुबेहूब तेच दिसू लागलं. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वेगळं नाव दिलं आणि ‘दारूशिवायचं’ असं ते नाव पुढे रूढ झालं. 2023 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी तेही बदललं. आजार कशामुळे नाही हे सांगण्यापेक्षा कशामुळे आहे ते सांगावं, म्हणून नव्या नावात शरीराच्या चयापचयाचा, म्हणजे अन्न वापरण्याच्या पद्धतीचा, उल्लेख आला. मला विचाराल तर हे फार बरं झालं. ‘यकृत बिघडलं’ म्हटल्यावर शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून कुजबुजतात, त्यात बिचाऱ्या माणसाचा काही दोष नसतो.

चरबीचे थेंब साठले की यकृताच्या पेशी त्रासतात, काही मरतात. मरणाऱ्या पेशीतून काही पदार्थ बाहेर पडतात. भरीला भर म्हणजे, लठ्ठपणात आणि तेलकट-गोड खाण्यामुळे आतड्याचं अस्तर थोडं सैल पडतं आणि जिवाणूंचे तुकडे पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागतात. आपले पहारेकरी दरवाजावरच बसलेले. त्यांना वाटतं, हल्ला झाला! त्यांना चरबी आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. ते धोक्याची घंटा वाजवतात, म्हणजे काही रासायनिक निरोप सोडतात. त्यातल्या एकाचं नाव टीएनएफ. घंटा ऐकून रक्तातून कुमक धावत येते आणि यकृतात दाह सुरू होतो.

हातावर जखम झाली की ती लाल होते, सुजते, ठणकते. तोही दाहच. पण तो चार दिवसांत शमतो, कारण जखम भरते. यकृतातल्या चरबीचं तसं नाही. खाणं तेच, बसणं तेच, म्हणून चरबी तिथेच, आणि घंटा महिनोन् महिने वाजत राहते. हा दाह दुखत नाही, ताप येत नाही, शाळा बुडत नाही. हीच त्याची लबाडी.

या घंटेचा एक दुष्परिणाम फार महत्त्वाचा. टीएनएफसारखे निरोप यकृताच्या पेशींना इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत. इन्सुलिन सांगतं, ‘साखर बनवू नकोस’, आणि यकृत बनवतच राहतं. स्वादुपिंड बिचारं आणखी इन्सुलिन ओततं. काही वर्षं असं ओढूनताणून चालतं, मग ते थकतं आणि रक्तातली साखर कायमची वाढते. म्हणजे मधुमेह. 1993 मध्ये अमेरिकेत गोखान होतामिस्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. रोगांशी लढणाऱ्या पेशींचा आणि साखरेचा संबंध काय, असं तोवर वाटे. 2003 मध्ये कळलं की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत महाभक्षी पेशी गर्दी करून बसतात. मग नजर यकृताकडे वळली. काही उंदरांना चरबीदार खाणं दिलं आणि औषधानं त्यांच्या कुप्फर पेशी कमी केल्या, तर त्यांच्या यकृतात चरबी कमी साठली आणि ते इन्सुलिनचं जास्त ऐकू लागले.

‘मग सगळ्यांच्याच कुप्फर पेशी काढून टाकू या की!’ असं कुणी म्हणेल. थांबा. दरवाजाचा पहारा उठवला तर जिवाणूंना रान मोकळं! शिवाय 2020 च्या आसपास उंदरांवरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. मुळात कुप्फर पेशी पिल्लू आईच्या पोटात असतानाच यकृतात येऊन वस्ती करतात आणि पुढे तिथेच स्वतःच्या पेशी वाढवतात. जुने, जाणते वतनदार म्हणा ना. यकृतात चरबी साठत गेली की हे जुने पहारेकरी मरू लागतात आणि त्यांच्या जागी रक्तातून नवे भरती होतात. नवे जास्त तापट, घंटा जास्त वाजवणारे. म्हणजे पहारा आहे तोच दिसतो, पण माणसं बदललेली.

दाह फार वर्षं चालला की मघाच्या चांदणी पेशी जाग्या होतात. जीवनसत्त्व साठवायचं सोडून त्या चिवट धागे विणू लागतात. जखमेचा वण असतो ना, तसे वण यकृतभर पडतात आणि ते टणक होत जातं. सगळ्यांचं इतकं बिघडत नाही, पण ज्यांचं बिघडतं त्यांना फार उशिरा कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे लठ्ठ माणसांचं दुखणं, आम्हाला काय त्याचं? इथेच तर आपल्या मराठी मुलखाची गोष्ट सुरू होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे असे रुग्ण भेटत, जे पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिल्यापेक्षा वयानं लहान आणि अंगानं बारीक होते. असं का, हे शोधायला त्यांनी अगदी मुळापासून सुरुवात केली. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आई होऊ घातलेल्या बायकांच्या खाण्याची, कामाची, वजनाची नोंद सुरू झाली. बाळं जन्मली तेव्हा तीही मोजली. सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या घरात. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण कातडीखालची चरबी मोजली, तर ती वजनाच्या मानानं फारशी कमी नव्हती! कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेली ही बाळं. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘थिन-फॅट’ म्हटलं, आपण ‘बारीक-जाडी’ म्हणू.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक मजेदार फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचाही 22.3. तंतोतंत सारखा! पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं! हा विनोद त्यांनी स्वतःच त्या लेखात केला आहे. स्वतःला उदाहरण म्हणून जगापुढे उभं करायला मोठं मन लागतं.

जादा चरबी कातडीखाली मावली तर ती त्यामानानं निरुपद्रवी असते. ती पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठली की पहारेकऱ्यांशी गाठ पडते. आपल्या लोकांत ती पोटाकडे लवकर वळते. म्हणूनच भारतीय माणसाचं वजन जास्त ठरवताना बीएमआयची रेघ 25 वर नव्हे, 23 वर ओढतात.

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याकडे या नजरेनं पाहा. सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं. मुसळधार पाऊस, डोंगरउताराची शेती, भात, नाचणी, वरी. चढ-उतार केल्याशिवाय इथे ना पाणी मिळे, ना शाळा. आणि या भागातल्या घराघरांतून कुणीतरी मुंबईला. गणपती-शिमग्याला चाकरमानी येतात, तेव्हा जुनी माणसं कौतुकानं म्हणतात, ‘मुंबईचं पाणी मानवलं हो! गेला तेव्हा काटकुळा होता, आता कसं अंग धरलंय!’ हे अंग बहुतेक वेळा पोटावरच धरलेलं असतं.

पुण्याच्याच संशोधकांनी हेही मोजून पाहिलं. खेड्यातले, शहराच्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे मिळून साडेचारशेच्या आसपास पुरुष त्यांनी तपासले आणि 2008 मध्ये निष्कर्ष छापले. शहरातल्या पुरुषांच्या अंगात चरबी जास्त होतीच, पण रक्तात दाहाच्या खुणाही जास्त होत्या. म्हणजे घंटा शहरात जास्त वाजत होती. ज्या शरीराची घडण कमी खाणं आणि भरपूर कष्ट यांसाठी झाली, त्याला बसून काम आणि दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा मिळाला, की कोठार लवकर ओसंडतं. आता तर मुंबईला जायचीही गरज राहिलेली नाही. थंड पेयाची बाटली, फरसाण आणि क्रीमची बिस्किटं डोंगरातल्या वाडीवरच्या टपरीतही लटकलेली दिसतात, आणि मोबाइल हातात आल्यापासून मुलं आट्यापाट्या खेळायला कमी उतरतात.

बरं, आपली काय स्थिती आहे ते ढोबळमानानं घरीच पाहता येतं. त्यासाठी फक्त एक सुतळी लागते. भिंतीला टेकून उभे राहा आणि भावंडाकडून सुतळी आपल्या उंचीएवढी कापून घ्या. आता ती बरोबर मधोमध दुमडा. ही अर्ध्या उंचीची दुहेरी सुतळी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. श्वास आत ओढून पोट चोरायचं नाही हं! दोन्ही टोकं सहज भेटली, तर ठीक. भेटली नाहीत, तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, तेव्हा डॉक्टरांना एकदा दाखवावं. आजी-आजोबा, आई-बाबा, सगळ्यांवर हा प्रयोग करा. बारीक दिसणारे काका नापास झाले तर नवल वाटून घेऊ नका. फक्त एक अट. ज्याची सुतळी पुरली नाही, त्याला वर्गात ‘ढोल्या’ म्हणून चिडवायचं नाही. चिडवल्यानं आजवर कुणाची चरबी उतरलेली नाही, उलट तो मुलगा मैदानावर यायचा बंद होतो.

पालकांसाठी दोन शब्द. यकृताचं एक फार चांगलं आहे, ते सुधारतं. वजन जास्त असलेल्या मोठ्या माणसानं ते सात ते दहा टक्क्यांनी कमी केलं, म्हणजे 80 किलोच्या माणसानं सहा-आठ किलो उतरवलं, तर यकृतातली चरबी आणि बहुतेकांचा दाहही कमी होतो. घंटा हळूहळू थांबते. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र उपाशी ठेवायचं नाही. त्यांची उंची वाढते आहे, तेव्हा वजन तिथेच राहिलं तरी बरंच साधतं. बाटलीबंद गोड पेयं आधी बंद करा. त्यातली निम्मी साखर फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोजचा मोठा वाटा थेट यकृतातच जातो. काढ्यांच्या आणि ‘यकृत साफ करणाऱ्या’ बाटल्यांवर पैसे घालवू नका, काहींनी तर उलट यकृताला इजा होते. भारत सरकारनं फेब्रुवारी 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तेव्हा सरकारी दवाखान्यातही हा विषय काढायला संकोचू नका. आणि घरात मुलगी असेल तर तिच्या ताटाकडे आधी पाहा. ‘बारीक-जाडी’ची सुरुवात आईच्या पोटातच होते, आणि ती आई कधीतरी तुमच्या-माझ्या घरातली शाळकरी मुलगी असते.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतली बाळं आता तिशीला पोचली आहेत. संशोधकांनी त्यांची पाठ सोडलेली नाही. दर काही वर्षांनी त्यांना बोलावून उंची, वजन, साखर मोजली जाते. त्यांच्या आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं असं आढळलं होतं. म्हणून 2012 मध्ये, ती मुलं जवळपास तुमच्या मोठ्या ताई-दादांएवढी असताना, नवा प्रयोग सुरू झाला. काहींना रोज ब-12 ची गोळी, काहींना ब-12 सोबत इतर जीवनसत्त्वं आणि क्षार, काहींना नुसतीच औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कोणती ते गुपित. त्यातल्या अनेक मुलींची लग्नं झाली, त्यांना बाळं झाली आणि त्या बाळांचीही जन्मताच मापं घेतली गेली. आजी, आई आणि नातवंडं, तिघांच्याही नोंदी एकाच ठिकाणी.